आर्कड्यूकचं हक्कसोडपत्र

मॅक्सिमिलियन म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो मेक्सिकोचा फसलेला सम्राट. मॅने या फ्रेंच चित्रकाराने त्याला गोळ्या घालतानाचं चित्र काढून ठेवलंय, त्यामुळे तर त्याची तीच ओळख कायमची झाली. मला मात्र त्याच्या आयुष्यातली त्याच्या आधीची दहा वर्षं जास्त आवडतात. १८५४ ते १८६४. त्या काळात तो ऑस्ट्रियाच्या आरमाराचा प्रमुख होता, आणि राजघराण्यातल्या माणसाला सहसा न शोभणारी एक गोष्ट त्याने केली. म्हणजे त्याने खरंच काम केलं!

ऑस्ट्रियाचं आरमार? आजच्या नकाशात ऑस्ट्रियाला समुद्रच नाही. पण तेव्हा व्हेनिस, ट्रिएस्ट, इस्ट्रिया, डाल्मेशिया असा एड्रियाटिकचा भलामोठा किनारा हाब्सबुर्ग घराण्याकडे होता. फक्त व्हिएन्नातल्या मंडळींचं लक्ष कायम जमिनीकडे. घोडदळ, तोफखाना, पायदळ, आणि सगळं वाटून उरलं तर आरमार. त्यातही १८४८ साली व्हेनिसने बंड केलं तेव्हा आरमारातले बरेचसे इटालियन अधिकारी आणि खलाशी तिकडे गेले. उरलं ते आरमार सावरायला डेन्मार्कहून एक माणूस आणावा लागला होता. हे सगळं १८५४ मध्ये बावीस वर्षांच्या पोराच्या हातात आलं. सम्राट फ्रान्झ योझेफचा हा पाठचा भाऊ, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान.

धाकट्या राजपुत्राला असं पद देणं म्हणजे त्याला गप्प बसवायची एक रीत असते. हा काही गप्प बसला नाही. मुख्य तळ व्हेनिसहून हलवून पोलाला मोठं आरमारी बंदर आणि गोदी उभारायचं काम त्याच्या काळात सुरू झालं. शिडाच्या जहाजांचे दिवस संपत आलेत हे ओळखून वाफेची आणि मग लोखंडी चिलखताची जहाजं बांधायला घेतली. दर वेळी पैशासाठी व्हिएन्नाशी भांडावं लागायचं, ते भांडला. आणि १८५७ मध्ये 'नोव्हारा' नावाचं फ्रिगेट जगप्रदक्षिणेला पाठवलं. लढायला नाही, तर शास्त्रज्ञ बरोबर देऊन, दगड, झाडं, प्राणी, माणसं, भाषा यांचा अभ्यास करायला. सव्वादोन वर्षांनी ते परतलं. वाटेत १८५८ च्या सुरुवातीला ते मद्रासलाही थांबलं होतं. उत्तरेत तेव्हा सत्तावन्नची आग अजून विझली नव्हती. मद्रासहून ते निकोबारला गेलं. या मोहिमेने आणलेल्या कोकाच्या पानांपासूनच पुढे जर्मनीत कोकेन वेगळं काढलं गेलं. (हे वाचून आमच्याकडच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी कपाळाला हात लावला होता.)

मी या माणसाच्या नादी लागले ते ट्रिएस्टमुळे. अब्दुस सलामांनी १९६४ साली तिथे भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केलं. आपल्याकडचे कितीतरी प्राध्यापक तिथे जाऊन आलेत. मीही तीन आठवड्यांच्या एका कार्यशाळेसाठी गेले होते. हे केंद्र मिरामारेच्या बागेला अगदी खेटून आहे. व्याख्यान संपलं की उतरायचं, झाडांतून चालत जायचं, आणि समोर समुद्रात घुसलेल्या खडकावर तो पांढराशुभ्र किल्ला. किल्ला कसला, वाडाच. मॅक्सिमिलियनने स्वतःसाठी आणि बायकोसाठी बांधलेला. बायको म्हणजे बेल्जियमच्या राजाची मुलगी शार्लोट.

आत बरीच सोन्यामोन्याची दालनं आहेत, ती मी भराभर बघून टाकली. थांबले ते त्याच्या कामाच्या खोलीत. ती त्याने 'नोव्हारा'वरच्या मागच्या केबिनसारखी करून घेतली होती. छत मुद्दाम खाली आणलेलं, लाकडाचं. एवढा मोठा वाडा बांधायचा आणि स्वतः बसायचं कुठे, तर जहाजाच्या केबिनीत! मी हर्णैची. घरातून सुवर्णदुर्ग दिसतो. समुद्रावर जीव असलेली माणसं मला ओळखू येतात. तो माणूस मला त्या खोलीत भेटला असं म्हटलं तरी चालेल.

त्याच आठवड्यात दादाची मेल आली होती. हर्णैच्या घराचा वकिलांनी केलेला मसुदा. बाबा गेल्यावर सात-बारा, आठ-अ, घरपट्टी सगळं तोच बघतो, कौलंही तोच शाकारून घेतो, मी पुण्यात. तेव्हा बहिणीचं हक्कसोडपत्र ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. आमच्या आत्यांनीही केलं होतं, हूं की चूं न करता. "तू ये की कधीही, घर तुझंच आहे," असं दादाने खाली लिहिलंही होतं. ते त्याने मनापासून लिहिलं होतं याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी ती मेल मी तीन दिवस उघडून बंद करत होते.

आणि मिरामारेत कळलं ते हे, की मॅक्सिमिलियननेही याच वाड्यात हक्कसोडपत्रावर सही केली होती.

झालं असं. मेक्सिकोच्या हुआरेस सरकारने १८६१ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. वसुलीच्या निमित्ताने फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने तिथे फौजा घुसवल्या. आता आपल्या तंत्राने चालणारा एक राजा तिथे बसवायला हवा होता. नाव, घराणं, सगळं बघून त्यांनी मॅक्सिमिलियनला गाठलं. त्याला काय हवं होतं? १८५७ ते ५९ तो लोम्बार्डी-व्हेनेशियाचा गव्हर्नर होता, तिथून भावाने त्याला दूर केलं. आरमार होतं, पण तेही भावाच्या मर्जीवर. बत्तिशीही पूर्ण न झालेल्या, हुशार, थोड्या स्वप्नाळू माणसाला कोणी म्हणालं, बाबा रे, एक अख्खा देश तुझी वाट बघतोय... शार्लोटलाही जायचं होतं.

मग फ्रान्झ योझेफने अट घातली. जायचं तर ऑस्ट्रियाच्या गादीवरचा हक्क सोडून जा, तुझा आणि तुझ्या मुलाबाळांचाही. कित्येक दिवस पत्रापत्री, रुसवेफुगवे झाले. शेवटी ९ एप्रिल १८६४ ला सम्राट स्वतः मिरामारेला आला आणि दोघांनी कागदावर सह्या केल्या. निघताना दोघा भावांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणतात. दुसऱ्या दिवशी मॅक्सिमिलियनने मेक्सिकोचा मुकुट स्वीकारला आणि त्यानंतर तो अक्षरशः कोलमडला. मेजवानीला शार्लोट एकटीच यजमानीण. १४ एप्रिलला दोघं निघाले. जहाज अर्थात 'नोव्हारा'च. त्या प्रवासात त्याने काय केलं, तर मेक्सिकोच्या दरबारी रीतिरिवाजांचं जाडजूड पुस्तक लिहायला घेतलं. कोणी कुठे बसायचं, कोणी कधी वाकायचं! आरमाराच्या बजेटसाठी भांडणारा तो हाच का, असं वाटतं.

मेक्सिकोचं फार सांगत नाही. सम्राट होऊन त्याने उदारमतवादी धोरणं चालू ठेवली, म्हणून ज्या पुराणमतवाद्यांनी बोलावलं तेच नाराज झाले. हुआरेसच्या बाजूचे लोक तर परकीय फौजेच्या जोरावर आलेल्या राजाला कशाला मानतील? आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. ऑक्टोबर १८६५ मध्ये त्याने हत्यारासह सापडलेल्या बंडखोरांना ठार करायचा हुकूम काढला. त्याच्याबद्दल कितीही माया वाटली तरी हा हुकूम पुसता येत नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी पाय काढता घेतला. शार्लोट मदत मागायला युरोपात आली, पॅरिसमध्ये नकार मिळाला, आणि रोममध्ये पोपपुढेच तिचा तोल ढळला. ती पुढे साठ वर्षं जगली, १९२७ पर्यंत.

१८६६ च्या शरदात तोही निघाला होता. राजधानी सोडून ओरिसाबापर्यंत आला, सामान बंदराकडे रवाना झालं. तिथून तो मागे फिरला. याची कारणं इतिहासकार बरीच देतात, अब्रू, सल्लागारांचा आग्रह, आईचं मत. मला एकच प्रश्न पडतो. तो परत जाणार होता कुठे? मिरामारेचा वाडा होता, मान्य. पण घरात जागा राहिली नव्हती.

मे १८६७ मध्ये तो केरेतारोला पकडला गेला. तेव्हा मात्र व्हिएन्नाहून हालचाल झाली. फ्रान्झ योझेफने त्याचे वारसाहक्क परत द्यायची तयारी दाखवली, निदान त्याने तरी जीव वाचेल म्हणून. पण १९ जूनला त्याला दोन सेनापतींसह गोळ्या घातल्या गेल्या. पस्तिसावं वरीस पुरं व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते.

आपल्याकडे कान्होजी आंग्र्यांच्या पश्चात मुलांमध्ये वाद झाले. मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गला असं आरमार दुभंगलं आणि फायदा इंग्रजांचा झाला. तिथे हक्क कोणी सोडायलाच तयार नव्हतं. तेव्हा सोडणं वाईट आणि न सोडणं चांगलं असं काही माझं म्हणणं नाही.

मी दादाला ट्रिएस्टहूनच फोन लावला. म्हटलं, सही करते, पण मागच्या पडवीकडची खोली माझ्या हयातीपर्यंत मला वापरायला राहील हे कागदात घाल. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "अगं, हे लिहायला कशाला हवं?" मी म्हटलं, "लिहायला काय हरकत आहे?" त्याला थोडं लागलं, हे कळत होतं. वहिनी महिनाभर माझ्याशी जरा बेतानेच बोलत होती. पण कलम घातलं त्याने.

असो. आरमाराची गोष्ट अर्धीच राहिली. २० जुलै १८६६ ला लिसा बेटापाशी ऑस्ट्रिया आणि इटलीची आरमारं भिडली. इटलीची चिलखती जहाजं बारा, ऑस्ट्रियाची सात. टेगेटहोफ हा ऑस्ट्रियाचा सेनानी मॅक्सिमिलियनच्याच काळात वर आलेला. त्याने आपलं जहाज सरळ शत्रूच्या 'रे दितालिया'वर घातलं आणि ती काही मिनिटांत बुडाली. त्याच्या जहाजाचं नाव होतं 'एर्त्सहेरत्सोग फेर्डिनांड माक्स', म्हणजे मॅक्सिमिलियनचंच. जुनी 'नोव्हारा'ही त्या लढाईत होती, तिचा कप्तान तिथे मेला. पुढच्या वर्षी मॅक्सिमिलियनचं कलेवर आणायला मेक्सिकोला गेला तो टेगेटहोफच, आणि आणलं ते 'नोव्हारा'तूनच, जानेवारी १८६८ मध्ये.

ट्रिएस्टच्या एका चौकात त्याचा पुतळा आहे. १८७५ चा. पहिल्या महायुद्धानंतर शहर इटलीकडे गेलं तेव्हा तो हलवला होता, २००९ मध्ये पुन्हा जागेवर आणला. मुकुट वगैरे काही नाही. अंगात ॲडमिरलचा गणवेश आहे.