उणे तीसमधली फुलं

आपल्या पिढीचं बागकाम म्हणजे काय? खिडकीच्या ग्रिलमध्ये एक मनी प्लँट, आईने दिलेली तुळस आणि ऑफिसच्या डेस्कवर कॅक्टस. फ्लॅट बदलला की कुंड्या टेम्पोत! जमिनीत झाड लावायची वेळ आपल्यावर येतेच कुठे? म्हणूनच माझ्या मावसबहिणीचा प्रश्न मला भारी वाटला. व्हिसा तीन वर्षांचा असताना पन्नास वर्षं जगणारं झुडूप लावावं का?

ताई मिनिआपोलिसच्या एका उपनगरात राहते. आयटीत आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, आणि रांग काही हलत नाही. २०२५च्या मे महिन्यात मी तिच्याकडे होते. घर घेतलंय, मागे छान अंगण आहे, पण त्यात नुसती हिरवळ. बाकी सगळं कुंड्यांत. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. थंडी आली की वरात घरात, मे उजाडला की पुन्हा बाहेर. ‘माझ्यासारखीच आहेत गं, कधीही उचलायला तयार,’ ताई म्हणाली. हसत म्हणाली, पण पुढे बराच वेळ काही बोलली नाही.

महाबळेश्वरला दंव पडलं की आपल्याकडे बातमी होते. तिथे हिवाळ्यात पारा उणे तीस सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो. आणि तरी मेमध्ये गल्लीभर जांभळा लायलॅक! कसं काय?

तर त्याचं असं आहे. दिवस लहान व्हायला लागले की ही झुडपं तयारीला लागतात. वाढ थांबवतात, पेशींमध्ये साखर साठवतात आणि आतलं पाणी हळूहळू पेशींबाहेर सोडतात. मग बर्फ झालाच तर तो पेशींच्या बाहेर होतो. खरी गोची असते कळ्यांची. मेमध्ये उमलणाऱ्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात आणि अख्खा हिवाळा फांदीवर उघड्या बसतात. फोर्सिथियाच्या कमी काटक जातींमध्ये हे स्पष्ट दिसतं. बर्फाचं पांघरूण जिथपर्यंत होतं तिथपर्यंत पिवळीधमक फुलं आणि वर नुसत्या काड्या!

मिनेसोटा विद्यापीठाने यावर चिकाटीने काम केलंय. त्यांनी अझेलियाचे संकर १९५७मध्ये सुरू केले आणि ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही पहिली जात आली १९७८मध्ये. एकवीस वर्षं! आपण अप्रेझल एक वर्ष लांबलं तरी बायोडेटा अपडेट करायला घेतो. या अझेलियाच्या कळ्या उणे चौतीसलाही तग धरतात. चॅनहॅसनच्या त्यांच्या आर्बोरेटममध्ये आम्ही एक अख्खी दुपार घालवली.

पण ताईला पटली ती लायलॅकची गोष्ट. हे झाड तिथलं नाहीच मुळी! सर्वसाधारण लायलॅक मूळचा युरोपातल्या बाल्कन डोंगरांतला, वसाहतवाल्यांनी अमेरिकेत नेलेला. आणखी उत्तरेला, कॅनडातल्या ओटावामध्ये, १९२०च्या दशकात इझाबेला प्रेस्टन या बाईंनी लायलॅकचे जास्त काटक संकर तयार केले आणि त्यांना शेक्सपिअरच्या नायिकांची नावं दिली. त्याही इंग्लंडहून आलेल्या. म्हणजे झाड बाहेरचं, बाई बाहेरच्या! आणि गंमत म्हणजे लायलॅक थंडी नुसती सोसत नाही, त्याला ती लागतेच. पुरेसा हिवाळा मिळाला नाही तर तो नीट फुलत नाही. पुण्यात कितीही लाड करा, उपयोग नाही.

शेवटी आम्ही नर्सरीत गेलो. तिथल्या बाईंनी नियम सांगितले. लेबलवरचा झोन आधी बघायचा. निदान सहा तास ऊन हवं. छाटणी करायची ती फुलं सरल्या सरल्या, कारण शरदात कात्री चालवली तर पुढच्या वर्षीची फुलंच कापली जातात. उन्हाळा सरताना खत बंद, नाहीतर कोवळी पालवी येऊन थंडीत जळते. आणि फुलं? तीन-चार वर्षं धीर धरा.

ताईने बोटांवर हिशोब केला. त्याआधी व्हिसाचं एक रिन्यूअल येतं.

‘नाही झालं तर?’ मी विचारलं.

‘तर घराबरोबर विकीन. आता खड्डा कुठे खणायचा ते बघू.’

मावशीला फोटो पाठवला. लगेच रिप्लाय : ‘छान. पण पारिजातक का नाही लावलास?’

डिसेंबरात ताईचा फोटो आला. बर्फातून डोकावणाऱ्या चार काड्या आणि सशांनी साल कुरतडू नये म्हणून भोवती तारेची जाळी. रिन्यूअलचं अजून काही कळलेलं नाही. मोगऱ्याची कुंडी नेहमीप्रमाणे घरात आहे. अंगणात मात्र तिने अझेलियासाठी आणखी एक जागा हेरून ठेवली आहे.