आधी मीटरचे काटे सरळ कर

चि. महेश यास,


पिकअप घेतलीस हे ताईकडून कळलं. तू पाठवलेला डॅशबोर्डचा फोटोही पाहिला. डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकलेला, टेम्परेचरचा तळाला झोपलेला. आधीचे मालक म्हणाले म्हणे, ‘मीटर असंच आहे, लक्ष द्यायचं नाही.’ तुझ्या कामांच्या यादीत टायर, क्लच, पाटे सगळं आहे. मीटर तेवढं नाही. ते पहिल्या नंबरावर घे. क्लच घसरायला लागला की पायाला कळतं. इंजिन तापतंय हे सांगायला तो एक काटाच असतो, आणि तो बंद असेल तर हेड वाकल्यावरच समजतं.

मात्र लगेच नवं मीटर विकत घेऊ नकोस. काटा चुकला की संशय चौघांवर घ्यायचा: मीटर, वायर, सेन्सर आणि खुद्द इंजिन. गॅरेजवाले बहुधा सगळ्यात महागापासून सुरुवात करतात. तू स्वस्तापासून कर.

पहिला प्रश्न, एकच काटा बिघडलाय की अनेक? अनेक काटे एकदम बिघडले तर सगळे सेन्सर एकाच वेळी गेलेले नसतात. फ्यूज बघ, मीटरमागचा कपलर काढून पिना साफ कर, मग अर्थिंग तपास. हेडलाइट लावल्यावर डिझेलचा काटा सरकत असेल किंवा इंडिकेटरच्या तालावर थरथरत असेल, तर दोष अर्थिंगचाच समज. लाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मीटरच्या अर्थला लाव. 0.2 व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थचा बोल्ट खोल, गंज घासून काढ आणि घट्ट आवळ. जुन्या गाड्यांतले निम्मे चमत्कार इथेच संपतात.

काही जुन्या गाड्यांत मीटरमागे व्होल्टेज स्टॅबिलायझरची छोटी डबी असते. डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही काट्यांना ती कमी, स्थिर व्होल्टेज पुरवते. तिचं अर्थ सुटलं की पूर्ण बारा व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही काटे एकदम वर चढतात. टाकीत डिझेल कमी, इंजिन थंड, तरी दोन्ही काटे वर असले तर आधी ती डबी बघ.

एकच काटा बिघडला असेल तर सेन्सरजवळ जा. टेम्परेचरच्या सेन्सरचा रोध उष्णतेने कमी होतो. चावी ऑन करून त्याची वायर काढ. काटा थंडाकडे गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या धातूला टेकव. काटा गरमकडे धावला तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर बदल. जास्त वेळ टेकवू नकोस, काही मीटर त्याने जळतात; मधे टेस्टलॅम्पचा छोटा बल्ब घेतलास तर बरं. ही परीक्षा एका वायरच्या सेन्सरवरच कर. दोन वायरींचा सेन्सर बहुधा ईसीयूचा असतो, त्याला हात लावू नकोस. डिझेलच्या फ्लोटलाही हीच रीत, फक्त कुठल्या टोकाला काटा जातो ते गाडीगणिक बदलतं. टाकीतून फ्लोट काढायचा झाला तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोड.

आता इंजिनवरचा संशय. काटा कायम थंड दाखवत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. तसं असेल तर काटा खरंच बोलतोय. दुसरी शक्यता वाईट आहे. कूलंट इतकं उतरलं की सेन्सर उघडा पडला, तर इंजिन उकळत असतानाही काटा खालीच राहतो. म्हणून आधी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघ.

ऑइलचा दिवा चावी ऑन केल्यावर पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पेटतच नसेल तर बल्ब गेलाय, वायर तुटली आहे किंवा विकणाऱ्याने दिवा मुद्दाम काढलाय. इंजिन चालू असताना पेटला तर तिथेच बंद कर, आणि मेकॅनिककडून प्रेशर गेज लावून मोजून घे. बॅटरीच्या दिव्याकडेही दुर्लक्ष नको. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा करणारा करंट त्याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला तर चार्जिंगच होत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत.

स्पीडचा काटा उड्या मारत असेल तर केबल बघ. कोरडी पडली असेल किंवा कुठे मुडपली असेल. आठ वर्षांच्या वरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग असतं आणि तिथे स्पीडोमीटर बंद असून चालत नाही. केबल कधी तुटली, किती दिवस तशीच होती, हे कोणी सांगत नाही; म्हणून किलोमीटरच्या आकड्यावरून इंजिनचं वय ठरवू नकोस.

यातलं बहुतेक काम मल्टिमीटर, पॉलिश पेपर आणि एका रविवारात होतं. वाशीला टोमॅटो टाकून परतताना तुला कसारा घाट चढायचा आहे. टेम्परेचरचा काटा आणि ऑइलचा दिवा दोन्ही खरे बोलू लागेपर्यंत एकही भाडं घेऊ नकोस. ‘असंच आहे’ हे वाक्य तू पुढच्या गिऱ्हाइकाला सांगू नयेस, एवढंच मागणं.

ताईला नमस्कार.

तुझा,
नानामामा