सुरुंगाला नळी नसते : वसई, १७३९

#थ्रेड #वसई #मराठाइतिहास

वसईच्या मोहिमेची एक कथा महाराष्ट्रात लहानथोरांना ठाऊक आहे. हल्ल्यामागून हल्ले परतत होते, तेव्हा चिमाजी अप्पा सरदारांना म्हणाले की, किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या, निदान मस्तक तरी तटाच्या आत पडेल. कथा घडलेली असो वा मागाहून रचलेली, तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे : तोफ उडेल आणि नेम धरील. पावसाळा तोंडावर आलेला, खाडीची खारी हवा, आणि महिनोन् महिने तापत राहिलेली तोफ. अशा वेळी ही गोष्ट तितकी सोपी नसते. हा धागा त्या तोफेविषयी आहे आणि तिच्यात भरल्या जाणाऱ्या दारूविषयी. थोडा लांब आहे.

प्रथम दारू. सोरा, गंधक आणि कोळसा ही तिची तीन द्रव्ये शाळेतल्या मुलालाही माहीत असतात. त्यांत सोऱ्याचा वाटा सर्वांत मोठा. तो बिहारमध्ये इतका निघे की युरोपातल्या कंपन्या पाटण्याहून तो जहाजे भरभरून नेत. परंतु द्रव्ये तीच असली तरी दारू एकच नसते. भुकटीच्या रूपातली दारू गाड्यांवरून किंवा बैलांच्या पाठीवरून नेताना हिंदकळते, जड-हलके कण वेगळे होतात, आणि पोहोचते तेव्हा पिंपाच्या तळाशी एक दारू व वर दुसरी असते. यासाठी ती ओलवून, दाबून, तिचे दाणे पाडण्याची रीत आली. दाणा बारीक असेल तर ज्वाला क्षणात सर्वत्र पसरते आणि दाब एकदम चढतो. जाड असेल तर दारू सावकाश जळते आणि गोळ्याला धक्का मिळतो तो ढकलल्यासारखा. म्हणून बंदुकीची दारू तोफेत भरू नये, हा गोलंदाजाच्या धंद्यातला पहिला धडा. तो विसरणाऱ्याला दुसरा धडा शिकण्याची संधी बहुधा मिळत नसे.

आता नळी. तोफ झिजते म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तिचे तोंड येते, कारण गोळा तेथून बाहेर पडतो. खरी झीज सुरू होते मागे, कानाशी. कान म्हणजे रंजक भरून बत्ती देण्याचे ते बारीक छिद्र. दर बाराला आतला तप्त वायू त्या अरुंद वाटेने वर उसळतो आणि धातू चाटून नेतो. छिद्र रुंदावत जाते, दाब तेथून निसटू लागतो, गोळ्याचा पल्ला घटतो. पल्ला घटला म्हणून गोलंदाज दारू वाढवतो, आणि वाढलेल्या दारूने कान अधिकच फाटतो. (आजच्या मॅग्नम रिव्हॉल्वरमध्येही झीज प्रथम नळीच्या मागच्या तोंडाशी दिसते, जिथे ज्वाला शिरते तिथे. तीनशे वर्षांत धातू बदलले, दारू बदलली. जागा बदलली नाही.)

दुसरी झीज गोळ्याची. गोळा नळीत घट्ट बसत नसे. भोवती फट ठेवावीच लागे, नाहीतर तो आत लोटणेच अशक्य. बार होताच फटीतला वायू गोळ्याला खाली दाबतो, मग गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडतो. त्या आपटण्याने आत खळगे पडतात, आणि खळगे पडलेल्या तोफेचा नेम कुणी सांगू शकत नाही.

तिसरी गोष्ट कोकणातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग राख-काजळीच्या रूपाने मागे उरतो. ती काजळी हवेतली ओल ओढून घेते. वसईसारख्या ठिकाणी, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असताना, बिडाची तोफ रात्रभर न पुसता ठेवली तर सकाळी तिच्या पोटात गंजाची सुरुवात झालेली असते.

हे सारे आपल्याकडे ठाऊक नव्हते असे मानण्याची एक सवय पडली आहे, आणि ती सोडायला हवी. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१६ च्या सुमाराचे, म्हणजे वसईच्या वेढ्याच्या तेवीस वर्षे आधीचे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्याला गच्च केलेले तळघर असावे, दारूला सर्दी पोहोचू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. पावसाळ्यात तोफांना तेलमेण द्यावे आणि त्यांच्या कानांत मेण भरावे, हेही आहे. कान ही तोफेची नाजूक जागा आहे हे ज्याने पाहिलेले नाही, त्याला हे वाक्य सुचणार नाही.

मग अडचण कोठे होती? अडचण धातूत आणि पैशात होती. तोफ दोन प्रकारची. बिडाची स्वस्त, कणखर, झीज सोसणारी. पण फुटली तर पूर्वसूचना न देता फुटते आणि भोवतालची माणसे घेऊन जाते. पंचरसी किंवा काशाची तोफ महाग. ती फुटण्याआधी फुगते, इशारा देते, गंजत नाही. परंतु ती मऊ असते. सतत बार काढले की नळी तापते, तोंड खाली झुकते, कान वितळू लागतो. काशात दहा भागांत साधारण एक भाग कथील, आणि कथील अवघ्या २३२ अंशांना वितळते. पुढे युरोपात कानाच्या जागी शुद्ध तांब्याची पुंगळी बसवण्याची पद्धत पडली, ती यासाठीच.

पोर्तुगीज तोफांचे काय होते याचे उत्तम उदाहरण वसईहून फार दूर सापडते. १८११ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज फौजेने स्पेनमधील बादाखोसला वेढा घातला, तेव्हा एल्व्हासच्या किल्ल्यातून दीडशे वर्षांहून जुन्या पितळी तोफा आणल्या गेल्या. तट पाडण्यासाठी त्यांच्यातून सतत मारा केला आणि एकामागून एक तोफ निकामी होत गेली : कान फाटले, तोंडे वाकली. त्यांतल्या कित्येक शत्रूच्या गोळ्याने नव्हे, स्वतःच्या दारूने मेल्या. किल्ला मात्र उभा राहिला.

वसईत तटावरच्या तोफांचे दैव आणखी वेगळे. वेढा लांबला, आतल्या लोकांचा पैसा संपला. मुंबईच्या इंग्रजांनी, तेव्हा गव्हर्नर जॉन हॉर्न होता, दारूगोळा दिला पण या वेढ्यात फौज पाठवली नाही. पैसे मागितले तेव्हा तारण हवे झाले. पोर्तुगीजांनी चर्चची चांदीची पात्रे आणि काही पितळी तोफा गहाण टाकून पंधरा हजार रुपये उचलले. तोफ विकून शिपायाचा पगार भागवायचा, ही वेढ्यातली अवस्था कोणत्याही भगदाडापेक्षा अधिक बोलकी आहे.

बाहेर मराठ्यांपुढे प्रश्न उलटा होता. माणसे होती, जिद्द होती. फेब्रुवारीत बसलेला वेढा मेपर्यंत आला होता आणि पावसाला थोडेच आठवडे उरले होते. दगडी तट तोफेने फोडायचा तर एकाच जागी दिवसच्या दिवस जड गोळे मारावे लागतात, आणि तेवढ्यात तट आधी झिजेल की तोफ, हे सांगता येत नाही. बेंजामिन रॉबिन्सचा तोफांच्या शास्त्रावरचा ग्रंथ १७४२ मध्ये निघाला. दारू दुप्पट केल्याने गोळ्याचा वेग दुप्पट होत नाही, हे त्याने लंबकावर गोळ्या झाडून मोजून दाखवले. वसईच्या मोर्च्यांतल्या गोलंदाजांना ते लंबकाशिवाय कळले असले पाहिजे.

सुरुंगाला नळी नसते. त्याला कान नाही, फट नाही, नेम नाही. दारूचा दाणा बारीक की जाड याची तितकी फिकीर नाही. ती कोरडी असावी, पुरेशी असावी आणि चोहोबाजूंनी मातीने दाबलेली असावी, एवढेच. झिजायला काही उरतच नाही. उत्तरेच्या, जमिनीकडच्या बाजूने मराठे रेमेदियुस आणि सेबॅस्टियन या बुरुजांच्या पायथ्याशी खणत गेले. बावखलांच्या या मुलखात वाळू खणली की पाणी लागते. त्यात दारू कोरडी ठेवून बुरुजाखाली पोहोचवणे म्हणजे काय, हे वसईकरांनीच सांगावे.

आणि सुरुंगही निर्दोष नव्हता. मेच्या अखेरच्या हल्ल्यात काही सुरुंग वेळेवर उडाले, बुरूज ढासळला, माणसे भगदाडात शिरली. न उडालेले सुरुंग मग उडाले. वर आपलीच माणसे होती. तोफेत दारू चुकली तर चारपाच गोलंदाज जात. येथे बत्तीच्या थोड्याशा अंतराने कितीतरी अधिक गेले. ग्रँट डफने या मोहिमेत मराठ्यांचे पाच हजारांवर लोक ठार-जखमी झाल्याचे आणि पोर्तुगीजांचे आठशे गेल्याचे नोंदवले आहे. वसईच्या विजयाची चित्रे काढताना चित्रकार तटावरचे निशाण काढतात. दुसऱ्यांदा उडालेला सुरुंग कुणी काढत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा चढले. सेबॅस्टियनचा बुरूज हातचा गेला तेव्हा आतली शिबंदी थकली होती. सेनापती सिल्व्हेरा आधीच पडला होता. १६ मे रोजी कायतान द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटी मान्य केल्या आणि २३ मे १७३९ रोजी पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले.

चर्चमधल्या घंटा पुढे देवळोदेवळी गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, १७२१ साल कोरलेली घंटा त्यांपैकीच मानली जाते. घंटेचे कासे आणि तोफेचे कासे यांत तांबे-कथील तेच. घंटेत कथील दुप्पट, म्हणून ती नाद देते, आणि म्हणूनच तिची तोफ ओतली तर पहिल्या बारालाच तडकेल. ती घंटा अजून वाजते. वसईच्या पितळी तोफा गहाण पडून मुंबईला गेल्या होत्या.