अ‍ॅडमिनची नोटीस वाचलीत?

कॉलेजच्या लॅबमधलं युनिक्स आठवतंय? लॉगिन केलं की आधी अ‍ॅडमिनची सूचना: सर्व्हर ५ वाजता बंद, फाइल सेव्ह करा. बरेच जण न वाचताच पुढे जायचे!

पावसाळ्यातल्या कर्जत-खालापूरचा अ‍ॅडमिन म्हणजे जिल्हा प्रशासन. सोलनपाडा धरण, खोपोलीचा झेनिथ धबधबा अशा ठिकाणी मनाई आदेश निघतात. कारण साधं: वर डोंगरात सर कोसळली की खाली उघडीप असतानाही ओढा मिनिटांत फुगतो.

तेव्हा सीएसएमटीहून १०० किलोमीटरवरच्या कर्जतची लोकल पकडण्याआधी ताजे आदेश बघाच. बंदी असेल, तर कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा गरमागरम वडा खा नि परत फिरा. फाइलचा बॅकअप मिळतो, मित्राचा नाही.