हतनूरच्या काठी भैरव

थंडीत तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरले की आमच्या गाण्याच्या बाई रविवारची शिकवणी तिकडे नेतात. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुरांडी मागे ठेवून आम्ही पहाटेच निघतो. तंबोऱ्याचं काम मोबाइल करतो. सध्या भैरव चालू आहे आणि त्यात बांधलेले मुक्ताबाईचे ताटीचे अभंग.

भैरवात रिषभ-धैवत कोमल, दोन्ही आंदोलित. वहीत लिहायला एवढंच. गळ्यात आणताना कळतं की हा रिषभ एका जागी उभा राहत नाही, षड्जाकडे झुकत डोलतो. घरात भिंती आवाज परत देतात, त्यामुळे आपण बरे गातोय असं वाटतं. उघड्यावर ती सोय नाही. आवाज लहान होतो, मग आपण ओरडतो. बाई म्हणतात, "जोर नको, श्वास पुरवा."

ताटी म्हणजे दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई समजूत काढते, असा या अभंगांचा प्रसंग. तिथे तानांची आतषबाजी केली तर समजूत बाजूला राहते आणि मिरवणं उरतं. म्हणून आठ मात्रांचा भजनी ठेका, आधी शब्द, मग सूर.

याच तापीच्या काठी मेहूणला 1297 मध्ये मुक्ताबाई गुप्त झाल्या, असं वारकरी परंपरा मानते. तापी-पूर्णा संगमावर चांगदेवांचं मंदिर आहे. एवढ्या मोठ्या योग्याने या लहान मुलीला गुरू केलं. खानदेशात राहणाऱ्याने ताटीचा एक तरी अभंग गळ्यावर चढवावा. सूर थोडा हलला तरी चालेल, अर्थ हलता कामा नये.