डोहाकाठी आठवलेली ‘मगर’

गोंदिया जिल्ह्यात गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या बांधावर उभे राहिले की समुद्र फार दूर वाटतो. पण डोह म्हटला की मगर आठवायचीच! मला आठवली ती लोखंडी. १९४५ साली महायुद्धासाठी बांधलेले, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारे हे ब्रिटिश जहाज १९४९ साली आपल्याकडे आले आणि ‘मगर’ झाले. नाव किती चपखल! सपाट पोट, काठाला लागताच उघडणारा जबडा. १९८७ साली कोलकात्यात बांधलेल्या नव्या जहाजाने तेच नाव घेतले. २०२० साली, महामारीत, मालदीवमध्ये अडकलेली आपली दोनशेवर माणसे त्याने कोचीला सुखरूप आणली. २०२३ साली तेही निवृत्त झाले. रणगाडे वाहण्यासाठी जन्मलेल्या जहाजाने माणसे घरी पोचवावीत, यापरते सार्थक कोणते?