दोष धुळीचा नव्हता

सीडीचा आवाज बिघडला की म्हसवडमध्ये आधी धुळीचं नाव निघतं. माणदेशातला फुफाटा बंद कपाटातही शिरतो, त्यामुळे मलाही ते पटायचं. आमच्या पत्र्याच्या खोलीत भीमसेनजींचा आवाज दबलेला, घुमलेला यायचा आणि मी सीडी काढून टॉवेलनं गोल गोल पुसत बसायचो.

त्या पुसण्यानंच वाट लावली. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एका सलग सर्पिल रेघेत असते. दोन वेढ्यांमधलं अंतर जेमतेम १.६ मायक्रॉन. रेघेवरचा अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड प्लेअर हिशेबानं बिनचूक भरून काढतो. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वेढ्याला क्षणभरच छेदतो, म्हणून बहुधा निभावतं. गोल ओरखडा रेघेसोबतच चालतो आणि सलग माहिती गिळतो. टॉवेलमधल्या वाळूच्या कणांनी मी नेमके तसलेच ओरखडे पाडले. पुसायचंच, तर मऊ कापडानं मधून कडेकडे.

पण मूळ निदानच चुकलं होतं. सीडीवर आकडे असतात, डाव्या-उजव्या बाजूला सेकंदाला प्रत्येकी ४४,१००. ते वाचता आले नाहीत तर टकटक होते, गाणं अडकतं, उडी मारतं. धुळीनं आवाज घुमत नाही. हे समजून न घेताच मी महागडा प्लेअर आणला, घरात दुसऱ्या कामासाठी ठेवलेले पैसे घालून. आवाज तसाच राहिला. स्पीकर लोखंडी कपाटावर, कोपऱ्यात, पत्र्याखाली होते. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि पत्रा थरथरतो. ते भिंतीपासून हातभर पुढे, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणले, मागच्या भिंतीवर इथलीच जाड घोंगडी टांगली. तेव्हा तंबोरा पहिल्यांदा गाण्यापासून सुटा ऐकू आला.

प्लेअरच्या पैशांपेक्षा दुसरी चूक मला जास्त सलते. वडील गजीमंडळात, म्हणजे धनगरी गजीनृत्य करणाऱ्या मंडळात होते. त्यांच्या ढोलाचं आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रण मी जागा वाचवायला १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत बदललं, मूळ फाइल पुसून टाकली आणि त्यावरून सीडी बनवली. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा असतो, पण एमपीथ्री करताना गाळलेलं त्यात परत येत नाही. ढोल बरा वाजतो. झांजेची नुसती सळसळ ऐकू येते. वर मी सीडीवर बॉलपेननं दाबून नाव लिहिलं. चकाकणारा थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. अक्षरं उमटली तिथे तो फाटला आणि शेवटची ओवी गेली.

मंडळातली जुनी माणसं अजून गातात. त्यांचं गाणं आता न दाबता, मूळ स्वरूपातच दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवतोय. सीडी कुणाला दिलीच, तर नाव कव्हरातल्या कागदावर लिहितो.